लहान रिव्हॉल्वर, मोठा धक्का : सरावाचे काडतूस कसे निवडावे?

रिव्हॉल्वर जितके लहान तितके ते चालवायला सोपे, असा एक समज सर्वसामान्यांत आढळतो. दुकानाच्या काउंटरवर अर्ध्या किलोचे शस्त्र हातात घेतले की तो पटतोही. शूटिंग रेंजवर पहिली गोळी सुटताच मात्र तो टिकत नाही. जड रिव्हॉल्वरमध्ये सौम्य वाटणारे काडतूस हलक्या रिव्हॉल्वरमधून उडाले की तळव्यावर सणसणीत टोला बसतो, नळी वर उसळते आणि पुढच्या गोळीच्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच मनगट आखडते. दहा-बारा गोळ्यांनंतर नवशिक्याचे डोळेही आपोआप मिटू लागतात.

अशा अनुभवानंतर अनेक परवानाधारक सरावच सोडून देतात. शस्त्र कपाटात पडून राहते आणि प्रसंग आलाच तर ते सराव नसलेल्या हातात येते. असे शस्त्र हल्लेखोरापेक्षा आजूबाजूच्या माणसांना अधिक धोकादायक ठरू शकते. म्हणूनच कमी धक्क्याचे काडतूस निवडणे हा हौसेचा वा नाजूकपणाचा प्रश्न नाही, तर सुरक्षिततेचा आहे. निवड करताना 'सौम्य' किंवा 'हलके' अशा शब्दांवर विसंबण्याऐवजी काडतुसाच्या पेटीवरील दोन आकडे वाचता आले, तर बराचसा गोंधळ टळतो.

धक्का कोठून येतो?

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे रिव्हॉल्वर हे ठळक उदाहरण होय. गोळी ज्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने शस्त्र मागे येते. यात जळालेल्या दारूच्या वायूंचाही वाटा असतो. परंतु लहान रिव्हॉल्वरच्या बाबतीत मोठा हिस्सा गोळीचाच असतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्यामुळे धक्का कमी करण्याचे मार्ग तीनच : गोळी हलकी करणे, तिचा वेग कमी करणे किंवा शस्त्राचे वजन वाढवणे.

लहान रिव्हॉल्वरच्या बाबतीत तिसरा मार्ग बंदच असतो, कारण ती हलकी असावीत याच हेतूने घडवलेली असतात. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये 'चीफ्स स्पेशल' हे .३८ स्पेशल काडतुसाचे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. पोलादी चौकटीच्या या शस्त्राचे वजन साधारण ५५० ग्रॅम भरते. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट वापरणारी त्याच जातीची आजची मॉडेल्स सुमारे ४१० ग्रॅमची असतात, तर स्कँडियम व टायटॅनियम वापरलेली काही मॉडेल्स साडेतीनशे ग्रॅमच्याही खाली उतरली आहेत. काडतूस तेच राहिले आणि शस्त्राचे वजन निम्मे झाले, तर शस्त्राला मिळणारी मागची ऊर्जा दुप्पट होते. खिशात सोयीचे वाटणारे शस्त्र रेंजवर नकोसे होते, ते या हिशेबामुळे.

हाताला जाणवणारा धक्का आणि गणिताने निघणारा धक्का यांत थोडा फरक असतो. मूठ अरुंद आणि कडक लाकडी असेल, तर तोच जोर तळव्याच्या लहान भागावर एकवटतो. मागची पोलादी पट्टी झाकणारी रबरी मूठ बसवल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. काडतूस बदलण्याआधी मूठ बदलून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

दचक : नेमबाजाचा खरा शत्रू

धक्क्याने होणारी वेदना क्षणिक असते. मागे उरते ती सवय. गोळी सुटण्याच्या क्षणी टोला बसणार हे शरीराला ठाऊक झाले की ते आधीच प्रतिकार करू लागते. मनगट खाली झुकते, बोटे एकदम आवळली जातात आणि गोळी लक्ष्याच्या खाली लागते. नेमबाजी प्रशिक्षक ज्याला 'फ्लिंच' म्हणतात, ती ही दचक.

लहान रिव्हॉल्वरमध्ये या दोषाचा परिणाम अधिक दिसतो. घोडा आधी न चढवता एकाच ओढीत गोळी झाडायची असेल, तर चापावर साधारण पाच ते सहा किलोंचा जोर लागतो. शस्त्राचे वजन मात्र अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी. स्वतःच्या वजनाच्या दहापट जोराने ओढल्या जाणाऱ्या वस्तूला स्थिर ठेवणे ही मुळातच कसरत आहे. त्यातच नळी जेमतेम दोन इंचांची असल्याने मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर कमी असते. नेम धरण्यातली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. अशा शस्त्रावर चाप ओढण्याची कला शिकायची, तर प्रत्येक गोळीमागे होणारी शिक्षा कमी करावीच लागते.

पेटीवरचे दोन आकडे

काडतुसाच्या पेटीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात गोळीचे वजन 'ग्रेन'मध्ये आणि वेग 'फूट प्रति सेकंद'मध्ये दिलेला असतो. एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला हजाराने भागले की जी संख्या येते, तिला नेमबाजीच्या स्पर्धांत 'पॉवर फॅक्टर' म्हणतात. दोन काडतुसांच्या धक्क्याची तुलना करण्याचे हे सर्वांत सोपे साधन आहे. अमेरिकी बाजारातील .३८ स्पेशलच्या काही नेहमीच्या काडतुसांचा हिशेब असा :

- १४८ ग्रेन वॉडकटर, वेग सुमारे ७०० : पॉवर फॅक्टर १०४
- १३० ग्रेन तांब्याच्या आवरणाची गोळी, वेग ८०० : १०४
- तशीच १३० ग्रेनची गोळी, वेग ८९० : ११६
- १२५ ग्रेन, अधिक दाबाचे 'प्लस पी', वेग ९४५ : ११८
- १५८ ग्रेन शिशाची गोल टोकाची गोळी, वेग ७५५ : ११९
- १५८ ग्रेन 'प्लस पी', वेग ८९० : १४१

हे वेग चाचणीच्या लांब नळीत मोजलेले असतात. दोन इंची नळीतून ते कमी भरतात. परंतु तुलनेचा क्रम साधारणपणे तोच राहतो.

या यादीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, यादीतील सर्वांत सौम्य दोन काडतुसांपैकी एकाची गोळी बरीच जड आहे. तिचा सौम्यपणा तिच्या संथपणात आहे. दुसरी, '१३० ग्रेन' असा एकच मजकूर असलेल्या दोन पेट्यांत बारा अंकांचे अंतर असू शकते. शस्त्राला मिळणारी ऊर्जा या अंकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात घेतले तर या दोन पेट्यांतील फरक सुमारे चोवीस टक्क्यांवर जातो. १०४ आणि १४१ यांची तुलना याच रीतीने केली, तर वरचे काडतूस जवळपास दुपटीने त्रासदायक ठरते.

वॉडकटरचा जुना मान

सरावासाठी ज्या गोळीची शिफारस वर्षानुवर्षे होत आली, ती वॉडकटर होय. ही गोळी दंडगोलाकार असून तिचे तोंड सपाट असते. बहुधा ती पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली असते, त्यामुळे नवख्या माणसाला काडतूस रिकामे असल्याचा भास होतो. सपाट तोंडामुळे कागदी लक्ष्यावर पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ गोल छिद्र पडते. गोल टोकाची गोळी कागद फाडत जाते आणि छिद्राची कड नेमकी कोठे हे ठरवणे कठीण होते. गुण मोजणे सोपे जावे म्हणून स्पर्धांत वॉडकटर रूढ झाली. तिच्यात दारू थोडी, शिसे मऊ आणि अचूकता उत्तम. स्पर्धकांच्या या सोयीचा लाभ पुढे लहान रिव्हॉल्वर बाळगणाऱ्यांना झाला.

तिच्या उणिवाही आहेत. टोक निमुळते नसल्याने सिलिंडरच्या घरात ती पटकन सरकत नाही. भरताना कड अडकते. मागणी मर्यादित असल्याने अनेकदा ती सामान्य १३० ग्रेनच्या काडतुसापेक्षा महाग पडते. अशा वेळी ८०० फूट वेगाची १३० ग्रेनची पेटी हा समान धक्क्याचा पर्याय हिशेबाने योग्य ठरतो. तिसरा पर्याय अमेरिकेतील 'काउबॉय' नेमबाजी स्पर्धांसाठी बनवल्या जाणाऱ्या, मुद्दाम कमी वेग ठेवलेल्या शिशाच्या काडतुसांचा. तेथेही पेटीवरील गुणाकार करूनच खरेदी करावी.

हलक्या गोळीच्या मर्यादा

वेग कायम ठेवून गोळीचे वजन कमी केले तर धक्का कमी होतो, हे खरे. पण हलक्या गोळ्या बहुधा अधिक वेगाने सोडल्या जातात आणि त्यासाठी दारू जास्त लागते. त्यामुळे आवाज आणि ज्वाळा वाढून धक्का मोठा वाटू लागतो. नेमबाज ज्याला 'धक्का' म्हणतो, त्यात कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचाही वाटा असतो.

दुसरी अडचण नेमाची. लहान रिव्हॉल्वरची खाच आणि माशी बहुधा पक्की असते. तिला स्क्रूने वर-खाली करता येत नाही. गोळी नळीत असतानाच नळी वर उचलली जाऊ लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर बाहेर पडते व धक्काही कमी देते. त्यामुळे ती सामान्यतः जड गोळीपेक्षा खाली लागते. सरावाचे आणि प्रत्यक्ष बाळगण्याचे काडतूस एकाच ठिकाणी लागते का, हे सात ते दहा मीटरवरून कागदावर पडताळून घ्यावे.

तिसरी अडचण अतिहलक्या शस्त्रांची. त्यांना इतक्या जोराचा हिसका बसतो की सिलिंडरमध्ये उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू शकतात. सरकलेली गोळी सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर फिरेनासा होतो. .३५७ मॅग्नमच्या काही टायटॅनियम सिलिंडरच्या रिव्हॉल्वरवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये, अशी सूचनाच कोरलेली असते. शस्त्रासोबत आलेली पुस्तिका वाचणे हा म्हणूनच निवडीतला पहिला टप्पा मानावा. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये 'प्लस पी' वापरणे टाळावे. साध्या .३८ स्पेशलसाठी अमेरिकी मानकानुसार कमाल दाब १७ हजार पौंड प्रति चौरस इंच, तर 'प्लस पी'साठी २० हजार आहे.

भारतातील .३२

आतापर्यंतचा हिशेब अमेरिकी .३८चा झाला. भारतात चित्र वेगळे आहे. .३८० व .४५५चे कडधारी काडतूस किंवा लष्करी ९ मिमी काडतूस चालवू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्वर शस्त्र नियमांनी प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत. त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .३२चे रिव्हॉल्वर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे, सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्वर देशभर परिचित आहे. २०१४ मध्ये महिलांना समोर ठेवून आलेले 'निर्भीक' सुमारे अर्ध्या किलोचे आहे, तर २०२३ मध्ये 'प्रबल' हे सिलिंडर बाजूला उघडणारे मॉडेल सादर झाले.

या शस्त्रांत .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ पासून चालत आलेले काडतूस वापरले जाते. अमेरिकी माहितीपत्रकांत त्याची ९८ ग्रेनची गोळी ७०५ फूट वेगाची दाखवतात. म्हणजे पॉवर फॅक्टर अवघा ६९. ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमध्ये त्याची मागची ऊर्जा, ४१० ग्रॅमच्या .३८मधील वॉडकटरच्या तुलनेत साधारण चौथा हिस्सा भरते. भारतीय परवानाधारकाच्या हाती सरावाचे सौम्य काडतूस एका अर्थाने आधीच आहे.

हे काडतूस कमकुवत म्हणून हिणवण्याचे कारण नाही. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय प्रकारात बहुसंख्य नेमबाज याच काडतुसाची वॉडकटर आवृत्ती वापरतात. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. जगातील उत्तम नेमबाजही अचूकतेसाठी सौम्य काडतूस निवडतात, ही बाब नवशिक्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राचा संबंध काडतुसांच्या निर्मितीशी आहे. पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखानाही लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे गेले. काडतुसाच्या बुडावरील 'केएफ' ही अक्षरे खडकीची खूण होय.

बुडावरील ही अक्षरे वाचण्याची सवय आणखी एका कारणाने महत्त्वाची. '.३२' या एकाच नावाने दोन वेगळी काडतुसे ओळखली जातात : रिव्हॉल्वरचे आणि पिस्तुलाचे. रिव्हॉल्वरच्या काडतुसाची पुंगळी सुमारे २३.४ मिमी लांब, तर पिस्तुलाच्या .३२ एसीपीची १७.३ मिमी. पिस्तुलाचे काडतूस आखूड असल्याने काही रिव्हॉल्वरच्या घरात बसूही शकते. मात्र त्याचा कमाल दाब २० हजार ५०० पौंड आहे, तर रिव्हॉल्वरच्या काडतुसाचा १५ हजार. आखूड म्हणजे सौम्य, हा तर्क येथे घातक ठरू शकतो.

भारतातील खरी अडचण धक्क्याची नसून संख्येची आहे. एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावरच नमूद असते आणि ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. घरी पुंगळीत पुन्हा दारू भरण्याचा अमेरिकी प्रघात येथे परवान्याविना गुन्हा ठरतो. शेतावर वा गच्चीवर 'सराव' करणे किंवा लग्नात हवेत गोळीबार करणे हाही सराव नव्हे. अशा हर्षोल्हासाच्या गोळीबाराला २०१९ च्या कायदादुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्जदारासाठी शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. सराव मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा.

रिकाम्या शस्त्राचा सराव

काडतुसे मोजकी असली तरी चाप ओढण्याचा सराव मोजका असण्याचे कारण नाही. शस्त्र पूर्ण रिकामे करून, सिलिंडरची प्रत्येक घर तपासून, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, डमी काडतुसांवर चाप ओढण्याचा सराव करता येतो. यात धक्का शून्य असतो. नेम धरलेली माशी चाप सुटताना हलते की नाही, हे यात लगेच दिसते. नळी नेहमी भक्कम भिंतीकडे, माणसांच्या दिशेने कधीही नाही, हा नियम रिकाम्या शस्त्रालाही लागू आहे.

रेंजवर डमी आणि खरी काडतुसे मिसळून भरण्याची पद्धत रिव्हॉल्वरमध्ये विशेष सोपी जाते. साथीदाराने पाच घरांत तीन खरी आणि दोन डमी भरून सिलिंडर फिरवून द्यावा. पुढचे घर खरे की खोटे हे झाडणाऱ्याला ठाऊक नसते. डमीवर चाप ओढला गेला आणि नळी खाली झुकली, तर दचक पकडली गेली. दोष दिसल्याखेरीज तो सुधारत नाही.

.२२चे रिव्हॉल्वर हाही सरावाचा एक मार्ग आहे. त्याचा धक्का नाममात्र असतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मुभा ठेवली असल्याने, केवळ सरावासाठी दुसरे शस्त्र घेण्याचा निर्णय विचारपूर्वक करावा लागतो.

सौम्य काडतुसातील धोके

कमी दारूच्या काडतुसात एक धोका दडलेला असतो. दारू भरण्यात चूक झाली तर गोळी नळीतच अडकू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवलाच नाही किंवा कागदावर छिद्र पडले नाही, तर तेथेच थांबावे. सुरुवातीला नळी अर्धा ते एक मिनिट लक्ष्याच्या दिशेनेच धरावी, मग सिलिंडर रिकामा करून नळी तपासावी. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते.

उघड्या शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर खाणे, पिणे किंवा धूम्रपान करण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. बंदिस्त रेंजवर हवा खेळती असणे आवश्यक आहे. सौम्य काडतूस कानांसाठी सौम्य नसते. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्याने श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. म्हणून कान झाकणारी साधने व चष्मा प्रत्येक वेळी हवाच.

थोडक्यात

- शस्त्राची पुस्तिका, नळीवरील खूण आणि काडतुसाच्या बुडावरील अक्षरे जुळतात का, हे आधी पाहावे.
- ग्रेन गुणिले वेग, भागिले हजार; .३८च्या लहान रिव्हॉल्वरसाठी १०५च्या आसपासचा आकडा सरावाला योग्य.
- काडतुसाआधी मूठ बदलून पाहावी.
- रिकाम्या शस्त्राचा सराव अधिक, सौम्य काडतुसाचा नियमित आणि पूर्ण शक्तीच्या काडतुसाचा थोडा, पण प्रत्येक वेळी.

शेवटचा मुद्दा विसरला जातो. केवळ सौम्य काडतुसांवर वाढलेला आत्मविश्वास पूर्ण शक्तीच्या पहिल्याच गोळीला ढासळू शकतो. म्हणून सरावाच्या अखेरीस, हात आणि मन स्थिरावल्यावर, प्रत्यक्ष बाळगण्याच्या काडतुसाच्या पाच गोळ्या झाडाव्यात. कागदावरील छिद्रे तेव्हाही एकाच ठिकाणी राहिली, तर सौम्य काडतुसाने आपले काम केले असे समजावे. ती खाली घसरली, तर पुढच्या वेळी पुन्हा रिकाम्या शस्त्रापासून सुरुवात करावी.